खेकड्याच्या कॅसेटची पेटी

आमच्या वॉशिंग मशीनला कंप सुटायचा. कपडे पिळायची वेळ झाली की ते जागचं हलायचं आणि बाथरूमच्या दाराशी येऊन उभं राहायचं, आत कोणी असलं तरी. मग एकदा ते अचानक शांत झालं. मला वाटलं, वयोमानानुसार समज आली असेल. नंतर काही शोधायला खाली वाकलो, तर मशीनच्या मागच्या पायाखाली माझी कॅसेट.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. हा गैरसमज आयुष्यभर निस्तरत आलोय म्हणून आधीच सांगतो. नाणं टाकून उभ्याने खेळायचे व्हिडिओ गेम असायचे ना, कपाटाएवढी मशीनं, त्यांच्या पोटात या कॅसेट असतात. जाडजूड, शब्दकोशाएवढ्या, एका कडेला पितळी दात. कॅसेट बदलली की खेळ बदलतो. आमच्या गल्लीतलं तसलं दुकान बंद झालं तेव्हा मालकाने सगळ्या कॅसेट आणि एका मशीनची आतडी मला देऊन टाकली. कपाट दारातून आत येईना, आणि आलं असतं तर बायको बाहेर गेली असती. म्हणून नुसती आतडी आणली, ती जुन्या टीव्हीला जोडली आणि दांडा-बटणांची फळी टीपॉयवर बसवली. वर्षातून एखाद्या रविवारी मी ते सुरू करतो. घरचे त्याला माझं दुखणं म्हणतात.

"कॅसेट पायाखाली कोणी ठेवली?" मी विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली. ती कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकते. "बरोबर मापाची होती, बाबा. एक मिलीमीटरही कमीजास्त नाही."

"अगं, ती खेकड्याची कॅसेट आहे!"

"तरी बरं, मशीन तिरकं चालायला लागलं नाही," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

खेकड्याची कॅसेट म्हणजे काय, हे या घरात कोणाला सांगणार? त्यात एक छोटं हेलिकॉप्टर असतं. छपरांवर अडकलेली माणसं हात हलवत असतात, त्यांना उचलून आणायचं. शेवटी समुद्रातून एक अवाढव्य लोखंडी खेकडा वर येतो आणि तिथे सगळ्यांचा खेळ आटोपतो. आमच्या वेळचे भलेभले त्या खेकड्यापाशी संपले. त्याच्या पलीकडे काय आहे हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. काही म्हणायचे राजवाडा आहे. काही म्हणायचे, वाचवलेली सगळी माणसं रांगेने येऊन हात मिळवतात. आणि ही कॅसेट आमच्या घरी धुण्याच्या पाण्यात पाय देऊन उभी होती.

त्या क्षणी मी जाहीर केलं, की प्रत्येक कॅसेटला स्वतःची पेटी असेल. लाकडी, आतून मखमलीची, बिजागरीची. सुरुवात खेकड्यापासून.

"करा," बायको म्हणाली. ती 'करा' म्हणते तेव्हा त्यात परवानगी नसते, तारीख नोंदवून ठेवलेली असते.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. आम्ही त्यांना पूलकाका म्हणतो, कारण त्यांनी उभी हयात पूल बांधले. मी जिन्यातून प्लायवूडचा तुकडा नेताना त्यांनी मला अडवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भार किती धरलायस?"

"काका, एक कॅसेट राहणार आहे त्यात."

"ते झालं रोजचं. पण उद्या पेटीवर माणूस उभा राहिला तर?"

"माणूस कशाला उभा राहील?"

"पुलावर हत्ती कशाला येईल, असं म्हणून आम्ही पूल नाही बांधले."

संध्याकाळी त्यांनी नकाशा आणून दिला. वरून, समोरून आणि बाजूने. त्या नकाशाबरहुकूम पेटी केली असती तर तिच्यात कॅसेटखेरीज मीही मावलो असतो, आणि पूर आला असता तर दोघंही तरलो असतो. नको म्हणणं जमलं नाही, म्हणून नकाशा घेतला आणि कपाटावर ठेवून दिला. वयाने मोठ्या माणसाने फूटपट्टीने काढलेल्या रेघांना नाही म्हणायला जे काळीज लागतं, ते माझ्याजवळ नाही. मी एका ऑफिसात आवक-जावक विभागात काम करतो.

करवतीचा आवाज सुरू होताच सेक्रेटरी आले. आमच्या इमारतीच्या समितीचे हे सेक्रेटरी नियमाला धरून चालतात, म्हणजे इतके धरून की नियमही कधीकधी सोडा म्हणत असेल.

"परवानगी घेतलीत?"

"पेटी करतोय, साहेब. एवढीशी."

"एवढीशी की तेवढीशी हा प्रश्न नाही. समिती तीन कामांना परवानगी देते. तोडफोड, रंगरंगोटी आणि पाळीव प्राणी. तुमचं काम कशात बसतं?"

मी म्हणालो, हे तर नवनिर्माण आहे. ते म्हणाले, नवनिर्माणाची सोय नाही. बराच खल झाला. तोडफोडीला अनामत भरावी लागते आणि शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. रंगरंगोटी फक्त भिंतींची. उरला तिसरा प्रकार.

"पेटी आहे ना? तिच्यात काहीतरी राहणार आहे ना?" सेक्रेटरी म्हणाले. "मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी खाली फलकावर सूचना लागली, की तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशांना पाळीव प्राण्यासाठी एक पेटी ठेवण्यास परवानगी देण्यात येत आहे, प्राण्याचा उपद्रव झाल्यास रहिवासी जबाबदार राहतील.

आमच्या बरोबर खाली काकू राहतात. एकट्याच. कान तिखट आणि नाक त्याहून तिखट. फोडणीच्या वासावरून कोणाच्या घरी भांडण झालंय ते ओळखतात असा त्यांचा लौकिक आहे. त्यांनी सूचना वाचली आणि त्या दिवसापासून माझ्याकडे दयेने बघायला लागल्या.

पहिली पेटी सुबक झाली. फक्त तिच्यात कॅसेट जाईना. मी बाहेरून माप घेतलं होतं आणि लाकडालाही जाडी असते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात." दुसऱ्या पेटीत कॅसेट गेली, पण मी बिजागऱ्या उलट्या बसवल्यामुळे झाकण आतल्या बाजूला उघडायचं. आतल्या बाजूला उघडणारं झाकण म्हणजे काय, ते शब्दांत सांगता येत नाही. ती पेटी बायकोने चिमटे ठेवायला नेली आणि तिथे ती फार चांगली चालली, याचंही मला वाईटच वाटलं.

तिसरी मात्र जमली. कोपरे जुळले. झाकण टक् असा आवाज करून बसलं. मी ते पंधरावीस वेळा उघडून मिटून पाहिलं. आयुष्यात आपल्या हातून एखादी गोष्ट काटकोनात होते तेव्हा काय वाटतं, हे ज्याची झाली त्यालाच कळतं. बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "छान. हॉलमधला भुसा कोण काढणार?"

मग घासायचं काम. पॉलिश पेपरने दुपारभर घासत बसलो. खर्र खर्र, थांबून पुन्हा खर्र. थोड्या वेळाने दार वाजलं. काकू होत्या. हातात वाटी, वाटीत दूध.

"बाहेर सोडत जा हो त्याला जरा," त्या म्हणाल्या. "किती नखं मारतंय बिचारं."

मी दूध घेतलं. खुलासा करायला गेलो असतो तर गाण्यांच्या कॅसेटपासून सुरुवात करावी लागली असती.

आता फक्त अस्तर आणि व्हार्निश राहिलं होतं. पूलकाकांनी बजावलं होतं, की व्हार्निश ओलं असताना धुळीचा कण बसला तर संपलं, सगळ्या खिडक्या बंद ठेव. मी बंद ठेवल्या. आत फोम आणि मखमल चिकटवायला सोल्यूशनचा डबा उघडला, बाहेरून व्हार्निशचा हात दिला आणि पेटी वाळत ठेवून ऑफिसला गेलो. वास खिडकीतून जाऊ शकला नाही म्हणून तो मोरीच्या पाइपातून खाली उतरला आणि थेट काकूंच्या नाकात शिरला.

काकूंना आधी वाटलं, प्राणी गेला. त्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली वाहिली. मग विचार केला, मेलेल्या प्राण्याचा इतक्या लवकर असा वास येत नाही. हा गॅसच. त्यांनी गॅस कंपनीला फोन लावला.

मी परतलो तेव्हा अख्खी इमारत रस्त्यावर उभी होती. अंगावर टॉवेल घेतलेले, गालाला साबण लावलेले, अर्धवट शिजलेल्या भाजीचं भांडं हातात धरलेले, असे सगळे. गॅसच्या माणसांनी मुख्य झडप बंद करून तिला सील ठोकलं होतं. सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. त्यांनी फक्त सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आलात?"

सील तोडायचा अधिकार फक्त निरीक्षकांना. निरीक्षक पाहणी करणार, वासाचा उगम निश्चित करणार, सही करणार, मग गॅस सुरू. तोवर बेचाळीस घरांच्या चुली थंड.

निरीक्षक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. उंच, किरकोळ, तोंडावर हसण्याची एकही खूण नसलेला माणूस. हातात वासाचं मीटर. त्यांनी आमचं स्वयंपाकघर हुंगलं, मोरी हुंगली, मला हुंगलं. मीटर गप्प. मागे सेक्रेटरी, पूलकाका, काकू आणि दारात मावतील तितके लोक.

"गॅस नाही. मग वास कशाचा?"

मी पेटी पुढे केली.

"आत काय आहे?"

"प्राणी," काकू हळूच म्हणाल्या.

निरीक्षकांनी मान मागे घेऊन, हात लांब करून झाकण उघडलं. कॅसेट बाहेर काढली, दातांवर फुंकर मारली. ती फुंकर मी ओळखली. नवशिक्याची फुंकर फुटते. ही लांब, तिरकी आणि बेतलेली होती.

"खेकडा?" ते पुटपुटले.

"खेकडा," मी म्हणालो.

"मी दोनदा पोचलो होतो त्याच्यापर्यंत. पुढे..." त्यांनी मागे पाहिलं, घसा साफ केला आणि मीटर टीपॉयवर ठेवलं. "हे उपकरण विजेवर चालतं. ठिणगीचा संभव आहे. चालवून पाहावं लागेल."

चालवून पाहिलं. पहिल्या टप्प्यात हेलिकॉप्टर पडलं, दुसऱ्यांदा तिसऱ्या टप्प्यात पडलं. बाहेर दिवे लागले तेव्हा ते उठले. सेक्रेटरींनी कागद आणि पेन पुढे केलं.

"आज सही होणार नाही," निरीक्षक म्हणाले. "उगम संशयास्पद आहे. उद्या याच वेळी फेरपाहणी."

फेरपाहणी दुसऱ्या दिवशी झाली, त्याच्या पुढच्या दिवशीही झाली. रोज नवी त्रुटी निघायची. कधी उपकरणाचं तापमान बघायचं असायचं, कधी वायरची लांबी. निरीक्षक रोज आधीपेक्षा पुढच्या टप्प्यात पडायचे. मी वरिष्ठ खेळाडू या नात्याने शेजारी बसून दोन शब्द सांगायला गेलो, तर म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका. हात बिघडतो." माझ्या घरात, माझ्या फळीवर, माझ्याच खेकड्याबद्दल मला गप्प बसवण्यात आलं आणि बायकोने त्यांना सरबत दिलं. मला विचारलंही नाही.

इमारतीने विजेच्या शेगड्या काढल्या. सगळ्यांनी एकदम पेटवल्या की फ्यूज उडायचा. एकदा हेलिकॉप्टर खेकड्याच्या तोंडाशी असताना दिवे गेले. अंधारात निरीक्षकांचा आवाज आला, "मला वाटतं, या इमारतीची विजेचीही तपासणी करायला हवी." तासाभरात फलकावर सूचना लागली, की पाहणी चालू असताना विजेची शेगडी, इस्त्री व पाणी तापवण्याचं यंत्र वापरण्यास सक्त मनाई आहे. त्यामुळे संध्याकाळी सगळी इमारत पाव आणि केळी खाऊन आमच्या हॉलमध्ये येऊन बसायला लागली. घरी बसून तरी काय करणार? चूल नाही, उजेडाचा भरवसा नाही. निदान खेकडा तरी बघू.

आणि बघता बघता सगळ्यांना खेळ कळायला लागला. हे मला अजिबात आवडलं नाही. माझं बालपण ज्यात गेलं ती विद्या शेजाऱ्यांना चार संध्याकाळींत यावी?

"साहेब, सांध्यावर मारा," पूलकाका म्हणायचे. "कोणतंही बांधकाम सांध्यात कच्चं असतं."

"तो आधी डावी नांगी उचलतो," काकू म्हणायच्या. "मी बघून ठेवलंय. डावी उचलली की खाली घ्या, उजवी उचलली की वर."

"प्रेक्षकांनी सूचना लेखी द्याव्यात," सेक्रेटरी म्हणायचे, आणि पाठोपाठ स्वतःच ओरडायचे, "अहो वर! वर घ्या!"

शेवटी एका संध्याकाळी निरीक्षक माझ्याकडे वळले. "हा खेळ दोघांना मिळून खेळता येतो ना? बसा."

मी सदऱ्याला हात पुसले. बायको दारात येऊन उभी राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती मला खेळताना बघायला पहिल्यांदाच उभी राहिली होती, म्हणजे तिलाही गॅस हवा होता.

आम्ही निघालो. छपरांवरची माणसं उचलली. निरीक्षकांचं हेलिकॉप्टर लाल, माझं निळं. ते गोळ्या झाडत होते, मी माणसं गोळा करत होतो. कोणी काही ठरवलं नव्हतं, तरी कोणी कुठे जायचं हे दोघांनाही कळत होतं. त्या तेवढ्या वेळात मला तो किरकोळ माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. समुद्र आला. पाणी उकळलं. खेकडा वर आला.

"डावी!" काकू किंचाळल्या. आम्ही खाली. "उजवी!" आम्ही वर. "सांधा! सांधा!" पूलकाका खुर्चीवर चढले. एका नांगीने निरीक्षकांना उडवलं. लाल हेलिकॉप्टर समुद्रात गेलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्ही चला," ते म्हणाले. बोटं बटणांवरून निसटत होती. डावी, खाली, सांधा. उजवी, वर, सांधा. मग खेकडा थांबला. थरथरला. आणि एकेक तुकडा होऊन समुद्रात पडला.

असा आवाज आमच्या इमारतीत कधी झाला नव्हता. सेक्रेटरींनी मला मिठी मारली. मुलगी शिट्टी वाजवत होती. काकू डोळे पुसत होत्या. मी आणि निरीक्षक मात्र पडद्याकडे बघत होतो. आता येणार होतं ते. राजवाडा म्हणा, रांग म्हणा, जे काय असेल ते. लहानपणी झोप लागेपर्यंत मी त्याच्याबद्दल विचार करत पडायचो.

पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली. शाब्बास. अक्षरं गेली. मग पहिल्या टप्प्याचं गाणं वाजलं आणि तेच छोटं हेलिकॉप्टर त्याच गच्चीवरून उडालं. छपरांवर तीच माणसं हात हलवत उभी होती.

मुलीची शिट्टी मध्येच थांबली.

"एवढंच?" निरीक्षक म्हणाले.

"वेग थोडा वाढलाय बहुतेक," पूलकाका समजुतीने म्हणाले.

"पण यांना तर आपण वाचवलं होतं. ही परत छपरावर?"

"असंच असतं हो," काकू म्हणाल्या. "सकाळी भांडी घासून पालथी घालावीत, संध्याकाळी ती परत मोरीत."

निरीक्षकांनी मान हलवली. खिशातून पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, वास व्हार्निशचा, धोका नाही. सही केली, तारीख घातली. खाली जाऊन सील तोडलं. वरून खालपर्यंत शेगड्या पेटल्याचे आवाज आले, आणि गर्दीतले निम्मे लोक निरोपही न घेता आपापल्या घरी पळाले.

मीटर न्यायला निरीक्षक पुन्हा वर आले. मी कॅसेट पेटीत ठेवत होतो. त्यांनी ती पेटी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. झाकण मिटलं. टक्. उघडलं, परत मिटलं. टक्.

"सुंदर केलीय," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. काटकोन बघा काय आलेत."

एवढ्या सगळ्या रामायणात ती पेटी आहे कशी, हे कोणीही पाहिलं नव्हतं. सूचना लागली, दूध आलं, सील लागलं, अख्खी इमारत माझ्या हॉलमध्ये बसून गेली, पण पेटीला कोणी पेटी म्हणून हातात धरलं नव्हतं. मी नुसतं 'हं' म्हणालो आणि खिडकीकडे बघितलं.

"बाकीच्या कॅसेटच्या कधी करताय?" निरीक्षकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी बायको, मुलगी, सेक्रेटरी, पूलकाका, काकू आणि जिन्यातून वर येणारे दोघं, ज्यांना प्रश्न काय आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, सगळे एका सुरात म्हणाले, "नाही करत!"

सेक्रेटरींनी लगेच घड्याळ बघितलं आणि वहीत नोंद केली. समिती स्थापन झाल्यापासून एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव होता.